हिमकणांचीं छायाचित्रें घेणारा शेतकरी : विल्सन बेंटली

विद्यार्थिमित्रांनो, वळवाच्या पावसांत अंगणांत टपटप पडणाऱ्या गारा तुम्हीं पुष्कळदां वेंचल्या असतील. मुठींत घेतलेली गार पाहतां पाहतां विरघळते आणि हातावर नुसता ओलावा राहतो. आकाशांतून पडणाऱ्या बर्फाशीं आपल्या बाजूच्या मुलांचा परिचय बहुधा एवढाच असतो. परंतु थंड देशांत हिवाळ्यामध्यें जें हिम पडतें, तें गारांहून अगदीं निराळें. गार म्हणजे ढगांतील पाण्याचे थर एकावर एक गोठून झालेला टणक गोळा. हिमकण म्हणजे ढगांतील वाफ एखाद्या सूक्ष्म कणावर हळूहळू गोठत जाऊन वाढलेला नाजूक स्फटिक. श्वासाची ऊब लागली तरी तो नाहींसा होतो. अशा क्षणभंगुर स्फटिकांचीं पांच हजारांहून अधिक छायाचित्रें ज्यानें घेतलीं, त्या पुरुषाचें चरित्र आज तुमच्यापुढें ठेवावयाचें आहे. त्यासाठीं तो दूरच्या हिमशिखरांवर गेला नाहीं. हें सारें काम त्यानें आपल्या घरच्या एका लांकडी छपरींत केलें. तो कोणी मोठा पंडितही नव्हता. गायी दोहून व शेत कसून पोट भरणारा शेतकरी होता.

विल्सन आल्विन बेंटली याचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्माँट या लहानशा संस्थानांत, जेरिको नांवाच्या खेड्यांत झाला. व्हर्माँट हा डोंगराळ मुलूख आहे. त्यांतील सर्वांत उंच पर्वत मॅन्सफील्ड हा सुमारें ४,४०० फूट उंचीचा असून जेरिको गांव त्याच्या पश्चिमेच्या बाजूस वसलेलें आहे. तेथील हिवाळा लांबलचक व कडक असतो. एका हिवाळ्यांत एकंदर सुमारें दहा फूट हिम पडावें, हें त्या भागांत नवल नाहीं. गोठ्यापर्यंतची वाट फावड्यानें मोकळी करावी लागते आणि रस्ते बुजून जातात. अशा ठिकाणच्या लोकांस हिमाचें कौतुक कोठून असणार? त्यांच्या दृष्टीनें तें दरवर्षीं येणारें एक संकटच होतें.

विल्सनची आई लग्नापूर्वीं शाळेंत शिकवीत असे. चौदा वर्षांचा होईपर्यंत मुलाचें शिक्षण बहुतेक तिनेंच घरीं केलें. घरांत एक ज्ञानकोश होता, तो विल्सननें वाचून काढला. आईजवळ तिच्या शिक्षकीच्या दिवसांतलें एक जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. विल्सन पंधरा वर्षांचा झाला, तेव्हां तें तिनें त्याच्या हवालीं केलें. बरोबरीचीं मुलें खेळण्यांत रमत, तेव्हां हा मुलगा पाण्याचा थेंब, फुलाची पाकळी, पक्ष्याचें पीस यंत्राखालीं धरून पाहत बसे. एके दिवशीं त्यानें त्याखालीं हिमाचा एक कण ठेवला, आणि त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

हिमकण साधारणपणें षट्कोनी असतो, ही गोष्ट विद्वानांस पूर्वींच ठाऊक होती. ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा केप्लर यानें १६११ सालीं याच प्रश्नावर एक छोटेंसें पुस्तक लिहिलें होतें. परंतु पुस्तकांतून वाचणें निराळें आणि स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें निराळें. विल्सनला त्या इवल्याशा कणांत चांदण्या दिसल्या, नेच्याच्या पानांसारख्या फांद्या दिसल्या, जणुं कोणी कोरून काढलेल्या षट्कोनी तबकड्या दिसल्या. हें सौंदर्य पाहतां पाहतां विरून जातें आणि मागें त्याची खूणही राहत नाहीं, याचें त्याला फार वाईट वाटूं लागलें. म्हणून त्यानें कागद-पेन्सिल घेतली व कणांचीं चित्रें काढण्यास आरंभ केला. कांहीं हिवाळे त्यानें या खटपटींत घालविले. परंतु एका बाजूची नक्षी काढून होते न होते तोंच दुसरी बाजू वितळून जाई. हातानें काढलेलें चित्र अपुरें राही आणि ताडून पाहावें तर मूळ कण उरलेला नसे.

सूक्ष्मदर्शक यंत्रास कॅमेरा जोडून सूक्ष्म वस्तूंचीं छायाचित्रें घेतां येतात, असें त्याच्या वाचनांत आलें. मात्र त्या साहित्यास सुमारें १०० डॉलर पडणार होते. त्या काळीं डोंगराळ भागांतील एका शेतकऱ्याच्या घरांत ही रक्कम लहान नव्हती. हिमकणांचीं चित्रें काढीत बसणें हा वडिलांना निव्वळ पोरखेळ वाटे; शेतीचीं कामें डोक्यावर असतांना धडधाकट मुलानें अशा गोष्टींत वेळ दवडावा, हें त्यांस पसंत नव्हतें. आईनें मुलाची बाजू घेतली. शेवटीं वडिलांनीं पैसे मोजले आणि कॅमेरा घरीं आला.

या प्रसंगाचा पालकांनीं अवश्य विचार करावा. वडिलांची शंका गैरवाजवी नव्हती. या छंदांतून घरांत चार पैसे येतील, असें कोणीही सांगूं शकलें नसतें. आणि पुढें जमाखर्च मांडला गेला तेव्हां तो वडिलांच्याच बाजूनें पडला, हें आपण पाहणारच आहों. हा उद्योग त्यांना मनापासून कधींच पटला नाहीं. तरीही न पटलेल्या गोष्टीसाठीं त्यांनीं आपल्या कष्टाचा पैसा खर्च केला. आईनें दिलेल्या यंत्राची आठवण पुष्कळ लोक काढतात. परंतु मनाविरुद्ध दिलेल्या या शंभर डॉलरांचाही बेंटलीच्या कार्यांत तितकाच वांटा आहे.

कॅमेरा आला म्हणून लगेच यश आलें, असें मात्र नाहीं. शिकविणारा कोणी जवळ नव्हता. आरंभीच्या कांचांवर नुसते अंधुक डाग उमटत. प्रकाशाचें छिद्र किती लहान ठेवावें, कांच किती वेळ उघडी ठेवावी, हें सारें त्यानें चुकत चुकत ठरविलें. अखेर १५ जानेवारी १८८५ या दिवशीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, एका हिमकणाचें स्वच्छ छायाचित्र त्याला साधलें. एकेका हिमकणाचें अशा रीतीनें घेतलेलें अमेरिकेंतील तें पहिलेंच छायाचित्र होय. आपल्या आयुष्यांतील तो सर्वांत मोठा क्षण होता, असें त्याला उतारवयांतही वाटत असे.

त्याची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. यंत्र व कॅमेरा हीं शेकोटी नसलेल्या थंडगार छपरींत ठेवलेलीं असत. कारण जेथें माणसाला ऊब वाटते तेथें हिमकण टिकत नाहीं. हिम पडूं लागलें कीं बेंटली काळ्या रंगाची एक फळी घेऊन दाराशीं उभा राही. हाताची ऊब लागूं नये म्हणून ती फळी तारेच्या मुठींनीं धरलेली असे. फळीवर चार कण पडतांच तो आंत येई, निरखून पाहून बहुतेक कण पिसानें झटकून टाकी आणि एखादा सुरेख कण दिसला तर केरसुणीच्या बारीक काडीनें उचलून कांचेच्या पट्टीवर ठेवी. मग पिसाच्या टोंकानें तो हलकेच दाबून सपाट करावयाचा व पट्टी यंत्राखालीं सरकवावयाची. हें सारें श्वास रोखून करावें लागे. कॅमेऱ्याचें तोंड खिडकीकडे केलेलें असे आणि कणांतून आरपार येणाऱ्या आकाशाच्या उजेडानें चित्र उमटे. कॅमेऱ्यामागें उभें राहिलें असतां यंत्राचा स्क्रू हातास पोंचत नसे, म्हणून त्यानें दोरी व चाकें लावून स्वतःच एक युक्ति बसविली होती. उजेडाच्या मानानें आठ सेकंदांपासून शंभर सेकंदांपर्यंत कांच उघडी ठेवावी लागे. कण तेवढा वेळ टिकला तर चित्र मिळे. नाहींतर पुन्हां फळी घेऊन दाराशीं उभें राहावयाचें.

असे हिवाळ्यामागून हिवाळे गेले. गुरांचें काम सुटलें नव्हतें. थोरला भाऊ चार्ल्स याच्यासह तो शेती पाहत असे. गांवच्या लोकांस त्याचा हा उद्योग म्हणजे एक विक्षिप्तपणा वाटे. जें फावड्यानें बाजूला लोटावयाचें, त्याचें छायाचित्र कशाला? बेंटलीनें लग्न केलें नाहीं. तो वाद्यें वाजवी, हवामानाची रोजची नोंद ठेवी, आणि उन्हाळ्यांत कोळ्याच्या जाळ्यावरील दंवबिंदूंचीं व हिवाळ्यांत खिडकीच्या तावदानावर साचलेल्या कडक दंवाच्या नक्षीचीं छायाचित्रें घेई.

पहिल्या यशानंतर तेरा वर्षें त्याच्या कामाची वार्ता बाहेरच्या जगास फारशी नव्हती. मग व्हर्माँट विश्वविद्यालयांतील सृष्टिविज्ञानाचे अध्यापक जॉर्ज पर्किन्स यांनीं तीं छायाचित्रें पाहिलीं आणि बेंटलीस लिहिण्यास प्रवृत्त केलें. दोघांच्या नांवें १८९८ सालीं एका शास्त्रीय मासिकांत पहिला लेख आला. तेव्हांपासून अमेरिकेच्या हवामानखात्याच्या मासिकांतही त्याचे लेख येऊं लागले. हिमकणाचा आकार ढगांतील थंडी व ओलावा यांवर अवलंबून असतो. त्यामुळें कणाच्या आकृतींत त्याच्या प्रवासाचा इतिहास लिहिलेला असतो, असें त्यानें आपल्या निरीक्षणांवरून मांडलें. हजारों कण पाहूनही एकासारखा दुसरा कण त्याला आढळला नाहीं. हिमाचे कोणतेही दोन कण सारखे नसतात, हें वाक्य जें आज जगांत सर्वतोमुखीं झालें आहे, त्याचें श्रेय मुख्यत्वें बेंटलीचेंच. प्रत्येक कण ढगांतून खालीं येतांना स्वतंत्र वाटेनें येतो, वाटेंत क्षणोक्षणीं निराळी थंडी व निराळा ओलावा त्याला लागतो, म्हणून त्याची वाढही निराळी होते.

हिमाचा हंगाम संपला म्हणून बेंटली स्वस्थ बसत नसे. पावसाचे थेंब केवढे असतात, हें मोजण्याची त्यानें एक सुंदर युक्ति काढली. पसरट भांड्यांत चाळलेल्या पिठाचा सुमारें एक इंच जाडीचा थर द्यावा, तें भांडें पावसांत कांहीं क्षण धरून आंत घ्यावें. पडलेल्या प्रत्येक थेंबाची पिठांत एक गोळी बनते. ती वाळल्यावर मोजावी. ठाऊक असलेल्या मापाचे थेंब पिठांत टाकून, गोळीच्या मापाचें थेंबाच्या मापाशीं प्रमाण काय, हेंही त्यानें पडताळून घेतलें. सर्वांत मोठे थेंब सुमारें पाव इंच व्यासाचे असतात, असें त्यास आढळलें. हें काम १९०४ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. परंतु पावसानें जमीन कशी धुपते याचा शोध करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनीं १९४३ सालीं थेंब मोजण्यास हीच पिठाची रीत वापरली. घरांतील परात व मूठभर पीठ यांतून शास्त्राला उपयोगी पडणारें साधन निघालें.

आतां त्याच्या कार्यावर जो आक्षेप आला, तोही सांगितला पाहिजे. कारण थोर पुरुषाच्या चरित्रांतून अडचणीच्या गोष्टी गाळणें हें त्याचा गौरव करणें नव्हे. हिमकण पारदर्शक असतो. पांढऱ्या उजेडांत घेतलेल्या त्याच्या चित्राची पार्श्वभूमीही पांढरीच येते आणि कणाची कड नीट उठून दिसत नाहीं. म्हणून बेंटली मूळ कांचेची एक नक्कल करी व त्या नकलेवरील, कणाच्या सभोंवारचा लेप लहानशा चाकूनें खरवडून काढी. मग कागदावर काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र कण उमटे. हें काम अत्यंत किचकट असून एकेका चित्रास तासचे तास लागत. जर्मनींतील कांहीं अभ्यासकांनीं याच सुमारास हिमकणांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. त्यांच्या बाजूनें असा आक्षेप निघाला कीं, चाकू चालविल्यानें कणाची खरी कड बिघडते, आणि बेंटली केवळ देखणे कण निवडून हिमाचें खोटें रूप लोकांपुढें मांडतो.

या आक्षेपांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. आकाशांतून पडणारे बहुसंख्य कण मोडके, वांकडे अथवा एकमेकांस चिकटलेले असतात. सर्वांगपूर्ण कण विरळा. बेंटलीचीं चित्रें पाहून सगळेंच हिम असें सुबक असतें अशी समजूत करून घेणें चुकीचें होय. परंतु त्यानें कोणतीही गोष्ट लपविली नाहीं. खरवडण्याची आपली रीत तो उघडपणें सांगत असे, आणि चाकू चाले तो नकलेवर. मूळ कांच तशीच ठेवलेली असे. शंका घेणाऱ्यास पडताळून पाहण्याची वाट त्यानें मोकळी ठेवली होती. सुंदर दिसावें म्हणून कांहीं केलें तर तें केलें असें सांगावें आणि मूळ पुरावा जपून ठेवावा, हा धडा प्रयोगवहीत आंकडे उतरवून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनींही लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पैशाचा हिशेब मात्र कधीं जुळला नाहीं. मॅजिक लँटर्नसाठीं तयार केलेल्या कांचा तो दर नगास पांच सेंट इतक्या अल्प किमतीनें शाळांना व विश्वविद्यालयांना देई. दागिन्यांचे व कापडाचे नमुने काढणारे कारागीरही त्याचीं चित्रें घेत. १९०३ सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे त्यानें सुमारें पांचशें छायाचित्रें पाठविलीं. आपल्या मागें तीं सुरक्षित राहावींत, ही त्याची तळमळ होती. १९२४ सालीं अमेरिकन हवामानशास्त्र मंडळानें त्याला संशोधनासाठीं मदत दिली, ती होती २५ डॉलरांची. १९२५ च्या सुमारास त्यानें स्वतःच केलेल्या हिशेबाप्रमाणें या कामीं तोंवर १५,००० डॉलर खर्च झाले होते आणि हातीं ४,००० डॉलरही आले नव्हते. या तोट्याचें त्याला दुःख नव्हतें. जें डोळ्यांदेखत नाहींसें होतें तें जगासाठीं राखून ठेवणें, हेंच त्यानें आपलें काम मानलें होतें.

आयुष्याच्या अखेरीस अमेरिकेच्या हवामानखात्यांतील शास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्या साह्यानें त्याच्या चित्रांचा ग्रंथ तयार झाला. दोन हजारांहून अधिक चित्रें असलेला हा ग्रंथ १९३१ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाला. पहिल्या छायाचित्रास तेव्हां सेहेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. पुढच्याच महिन्यांत बेंटली हिमाच्या वादळांतून सुमारें सहा मैल पायीं चालत घरीं आला व आजारी पडला. त्यास फुप्फुसदाह झाला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजीं, ज्या घरापाशीं त्यानें जन्मभर काम केलें त्याच घरांत त्याचा अंत झाला. त्या वेळीं तो सहासष्ट वर्षांचा होता.

त्याचें काम मात्र संपलें नाहीं. तो ग्रंथ जपानांतील उकिचिरो नाकाया या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाच्या पाहण्यांत आला व त्यापासून त्याला स्फूर्ति मिळाली. नाकायानें १९३६ सालीं प्रयोगशाळेंत कृत्रिम हिमस्फटिक तयार करून दाखविला आणि कोणत्या थंडींत व किती ओलाव्यांत कोणता आकार येतो, याचें कोष्टकच मांडलें. गोठणबिंदूखालीं सुमारें पांच अंश सेंटिग्रेड थंडी असली तर सुया व खांब बनतात. सुमारें पंधरा अंशांवर फांद्याफांद्यांच्या चांदण्या बनतात. कणाच्या आकृतींत त्याच्या प्रवासाचा इतिहास असतो, हें बेंटलीचें अनुमान अशा रीतीनें प्रयोगानें दृढ झालें. बेंटलीच्या मूळ कांचांचा मोठा संग्रह आज अमेरिकेंतील बफलो शहराच्या विज्ञानसंग्रहालयांत आहे, आणि ज्या जेरिकोच्या लोकांनीं त्याला विक्षिप्त म्हटलें, त्याच गांवीं त्याच्या स्मरणार्थ एक संग्रहालय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, बेंटलीजवळ आरंभीं काय होतें? आईचें जुनें यंत्र, वडिलांनीं मनाविरुद्ध दिलेला कॅमेरा, एक थंड छपरी आणि दरवर्षीं दारांत पडणारें हिम. यांपैकीं हिम तर गांवांतल्या प्रत्येकाच्या दारांत पडत होतें. आपल्या अंगणांत हिम पडत नाहीं, पण मृगाचा पाऊस पडतो, माघांत गवताच्या पात्यावर दंव सांचतें. येत्या पावसाळ्यांत परातींत पिठाचा थर देऊन पहिल्या सरीचे व श्रावणसरीचे थेंब मोजून पाहा, आणि आढळेल तें वहींत जसेंच्या तसें लिहून ठेवा. आणि पालकहो, घरांतलें पीठ असें पावसांत नेऊन ठेवलेलें दिसलें, तर रागावण्यापूर्वीं एकदां त्या पिठांतील गोळ्या मुलाबरोबर बसून पाहाव्या, एवढीच विनंति.